वालूरकर सर आणि भिंतीतली थरथर

९ एप्रिलला कूलरचं गवत बदलायचं काम काढलं होतं. परभणीत एप्रिल लागला की हे काम टाळता येत नाही. मागच्या वर्षीचं गवत कुजून जातं आणि पंखा लावला की घरभर तळ्याचा वास सुटतो. मी पदर खोचून, कूलरच्या तिन्ही जाळ्या अंगणात आणून जुनं गवत ओरबाडत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वालूरकर सर जिना उतरून आले. आले ते माझ्याकडे न बघता सरळ माझ्या खोलीत गेले आणि भिंतीला गाल लावून उभे राहिले.

"सर, चुना लागेल गालाला," मी अंगणातूनच म्हणाले.

"शू!" सर म्हणाले. "बोलायलीय."

"कोण?"

"भिंत."

नवा माणूस असता तर घाबरला असता. मी गवत ओरबाडत राहिले. आमच्या इमारतीत राहणाऱ्याला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते, पाण्याच्या टंचाईची आणि वालूरकर सरांची.

सर तंत्रनिकेतनात शिकवायचे. यंत्रं का हलतात आणि ती हलू नयेत म्हणून काय करावं, हा त्यांचा विषय. मुलांना शिकवून झालं, निवृत्त झाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जगातली बहुतेक यंत्रं अजून हलतच आहेत. तेव्हापासून ते दारोदार फिरतात. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात, मग नमस्कार. अलीकडे साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या तळहातांना कायम मुंग्या असतात, म्हणून हाताऐवजी गाल.

मी सुनंदा. उन्हाळ्यात शेवयांचं यंत्र चालवते, उरलेलं वर्ष साड्यांना पिको-फॉल करते. मला भिंतींशी बोलायला फुरसत नसते. पण सरांचं बोलणं इतक्या वेळा कानावर पडलंय, की त्यांचा विषय मला अर्धा पाठ आहे. उरलेला अर्धा मला कधीच कळला नाही.

त्यांचं पहिलं वाक्य असं, की आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून येतो, तो सगळ्या गल्लीला सांगत येतो. दुसरा भिंतीतून, फरशीतून, पायपातून येतो, तो गुपचूप येतो आणि भलत्याच खोलीत डोकं वर काढतो. दुसरं वाक्य, "गुन्हेगार वेगळा, साक्षीदार वेगळा." खिडकीची काच वाजते, भांड्यांचा रॅक खुळखुळतो, ते बिचारे साक्षीदार. त्यांना धरून उपयोग नाही. हलवणारा कुणीतरी लांब साळसूद बसलेला असतो.

या वाक्यापायी सर एकदा पालमच्या एसटीतून खाली उतरवले जाता जाता वाचले. गाडीत खडखड होत होती. ती कुठून येते हे शोधायला ते दर थांब्याला जागा बदलत पुढं सरकत गेले आणि शेवटी ड्रायव्हरच्या मानेमागं जाऊन म्हणाले, "तुमचं इंजिन निर्दोष आहे. ही तिसरी खिडकी नुसती साक्षीदार आहे."

ड्रायव्हर म्हणाला, "बरं झालं सांगितलं काका. साक्षीदाराशेजारी जाऊन बसा, न्हाईतर दोघालाबी पुढच्या फाट्याला उतरवतो."

पोखर्णीच्या लग्नातला किस्सा तर आमच्या लताबाईच्या तोंडून ऐकावा. लताबाई आमच्याच इमारतीत, माझ्या समोरच्या घरात राहते. तिचं माहेर पोखर्णीचं आणि लग्न तिच्या भाच्याचं. "अक्षदा पडायल्या, अन् सर गायब! सरांच्या काकू बिचाऱ्या इकडं तिकडं बघायल्या. मग कुणीतरी वरडलं, स्टेजखाली माणूस पडलाय. बघतो तर सर आडवे, खांबाला कान लावलेला, डोळे मिटलेले. माझ्या भावानं घागरभर पाणी वतलं की त्यांच्यावर! तर उठून म्हनतात कसे, जनरेटरखाली पोतं टाका, नवरदेवाचं बाशिंग त्याच्यामुळं हलायलंय."

जनरेटरखाली पोतं टाकलं. बाशिंग हलायचं थांबलं म्हणतात. मला खात्री नाही. नवरदेव घाबरून हलत असेल.

तर त्या दिवशी सर गाल पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, तुमच्या यंत्राची चौकशी करावी लागेल."

"कशाबद्दल?"

"आमच्या घरी थरथर येतीय. दुपारची. कधी येते, कधी नाही. मला नाही फारशी लागत, हिला लागते."

ही म्हणजे काकू. त्या बोरीच्या शाळेत शिकवायच्या. दोन-तीन वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले. यंत्र लावूनही ऐकू येत नाही. बोलतात व्यवस्थित, पण आपलं त्यांना काही पोचत नाही. सर पाटीवर खडूनं लिहून त्यांच्याशी बोलतात. दाराची बेल तर निरुपयोगीच. म्हणून सरांनी सोय केली होती. बाहेरून आले की उंबऱ्यापाशी टाच दोनदा आपटायची. फरशीतून, पलंगाच्या पायातून ते काकूंपर्यंत पोचतं आणि त्या उठून दार उघडतात. घराच्या फरशीचा असा उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता झालं असं, की त्या थरथरीमुळं काकूंना दुपारभर कोणीतरी आल्यासारखं वाटायचं. उठायच्या, दार उघडायच्या, बाहेर कोणी नाही. परत आडव्या व्हायच्या, परत उठायच्या. एकदा तर खाली फाटकापर्यंत जाऊन आल्या, भर दुपारी, अनवाणी, आणि जिन्यातच भोवळ येऊन बसल्या. ते पुण्याला त्यांच्या मुलाच्या, मिलिंदच्या, कानावर गेलं.

"मिलिंद म्हणतो, आईला भास व्हायलेत," सर म्हणाले. "रविवारी येतोय. तिला घेऊन जाणार. म्हणतो, आता तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जाऊ? दोन खोल्यांत ते चौघं. तो म्हणतो, बाबा, तुम्हाला नंतर बघू." सरांनी कूलरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि मुंग्यांमुळं काढून घेतला. "पण भास नाहीत ते, सुनंदाबाई. ती म्हणते हलतंय, म्हणजे हलतंय. रविवारच्या आत गुन्हेगार सापडला पाहिजे."

मी म्हणाले, "घ्या यंत्र. पण दुपारी चारनंतर. गिऱ्हाईक असतं."

चौकशी म्हणजे काय ते चार वाजता कळलं. सरांनी माझी गादी मागितली. माझी झोपायची. मी आणि सरांनी मिळून शेवयांचं यंत्र उचलून गादीवर ठेवलं आणि चालू केलं. गादीवर ते नुसतं डुलत राहिलं, म्हातारा झोपाळ्यावर बसल्यासारखं.

"हे याचं माहेर," सर म्हणाले. "इथं त्याला कोणी अडवत नाही. इथं ते वागतं तो त्याचा स्वतःचा स्वभाव. आता सासरी ठेवू."

सासर म्हणजे फरशी. फरशीवर तेच यंत्र कडकडायला लागलं.

"पाहिलंत? यंत्र तेच. सासर बदललं की वागणं बदललं. लोक म्हणतात यंत्र वाईट. अहो, निम्मा दोष फरशीचा असतो. आणि आता तिसरं." तिसऱ्यांदा त्यांनी ते अंगणातल्या काळ्या पाट्यावर ठेवायला लावलं, दोरीनं आवळून. दगड हलेना, यंत्रही हलेना, पण मोटारीचा आवाज दात-ओठ खाल्ल्यासारखा येऊ लागला. "जिथं हलूच दिलं नाही, तिथं किती जोर लावतं ते इथं कळतं. गादीवर किती हलतं, दगडावर किती जोर लावतं, एवढं कळलं की कुठल्याही घरात ते काय करील हे मी सांगतो. सुनेचंही तसंच असतं."

"सुनेला दोरीनं आवळता का?" मी विचारलं.

सर विचारात पडले. माझ्या प्रश्नांनी ते नेहमी विचारात पडतात, मग मलाच कानकोंडं होतं.

निकाल असा लागला, की माझं यंत्र तोंडाळ आहे, पण घरफोडं नाही. आवाज करतं, भिंतीत शिरत नाही. लताबाईचा मिक्सर आरडाओरड करणारा, मनात काही न ठेवणारा. तिचा फ्रिज धुसफुशा. दोन दिवसांत इमारतीतल्या सगळ्या यंत्रांचे स्वभाव सरांनी सांगून टाकले. ते ऐकताना आम्ही एकमेकींकडं बघत होतो, कारण ज्याचं त्याचं यंत्र ज्याच्या त्याच्यासारखंच निघत होतं. पण घरफोडं कोणीच निघालं नाही. आणि काकू दुपारी उठतच होत्या.

मग सरांनी शेवटचा उपाय काढला. सगळं बंद करायचं, सगळ्यांनी, एकदम. तरी थरथर राहिली तर ती बाहेरून येते. थांबली तर आतलीच.

अण्णांशिवाय ते होणार नव्हतं. अण्णा आमचे घरमालक. पुढं त्यांचं किराणा दुकान, मागं कोठार, त्याच्यामागं त्यांचं घर. अंगणातला हौद त्यांचा आणि हौदावरची पाटीही त्यांचीच. 'हौदास कोणीही मोटार लावू नये.' सकाळी एकदा अण्णा स्वतः सगळ्यांच्या टाक्या भरून देतात, तेवढंच. उन्हाळ्यात हौदाचं पाणी म्हणजे आमच्याकडं सोन्यापेक्षा जड. अण्णांचा हा नियम कडक आहे आणि न्यायाचा आहे असं आम्ही सगळे मानत होतो.

शुक्रवारी दुपारी सरांनी अचानक सगळ्यांना अंगणात बोलावलं. आधी सांगितलं तर लोक तयारीनं येतात, म्हणाले. लताबाई ओल्या हातानं आली. अण्णा बनियनवर आले.

"कामून बलावलं सर? झोप लागायली होती."

"दोन मिनिटं. ज्याच्या घरी जे काही विजेवर चालतं ते बंद करून या. काहीही लपवू नका."

लताबाईनं माझ्याकडं बघितलं, पुटपुटली, "शेगडीबी?" आणि जीभ चावली. वीज अण्णांच्या मीटरवर आहे आणि शेगडी लावायची नाही असं ठरलेलं आहे. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी त्यांनी तेवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. मला नवल वाटलं, पण तेवढ्यापुरतं.

अण्णांनी मोठ्या थाटात इमारतीचं मेन स्विच खाली ओढलं. कूलर थांबले. पंखे थांबले. कधी नव्हे ती अशी शांतता झाली, की गल्लीच्या टोकाला कुणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं ते ऐकू आलं.

"दुकानाचं मीटर वेगळं ना, अण्णा?" सरांनी विचारलं.

"दुकानात काय हाय सर? एक बल्ब अन् वजनकाटा."

सर जोत्यावर बसले. ताटलीत त्यांनी राजगिरा पसरला होता. फरशी हलली तर दाणे नाचतात. दाणे ढिम्म होते. सरांनी भिंतीला गाल लावला, मग दुसरा लावला, मग आपले तळहात एकमेकांवर चोळले. "मला लागतंय असं वाटतंय," ते म्हणाले. "पण माझं काय. मला सगळीकडंच लागतं."

मी हात लावून पाहिला. मला काहीच सांगता येईना. दिवसभर यंत्र धरल्यावर माझे हात आपोआप थरथरत असतात.

सरांनी वर बघून हात हलवला. वरच्या खिडकीत काकू होत्या, आत पलंगाशेजारच्या भिंतीला तळहात टेकवून. त्यांनी मान डोलावली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "चालू आहे."

सगळं बंद होतं. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

"अहो, चालू आहे!" काकू परत म्हणाल्या, आम्हाला पोचलं नाही असं वाटून, जरा मोठ्यानं.

लताबाईनं पदर तोंडाला लावला. "जाऊ द्या सर," ती हळूच म्हणाली. "माय, वय झालं की व्हतं आसं."

अण्णा तर खालीच बघत होते. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटत असेल.

सरांनी ताटलीतला राजगिरा परत डबीत भरला, सावकाश, एकही दाणा सांडू न देता. "पद्धत चुकलेली नाही," ते मला म्हणाले. "पद्धतीत खोट नाही, सुनंदाबाई. मग..." आणि थांबले. कारण पद्धतीत खोट नसेल तर एकच गोष्ट उरत होती, आणि ती त्यांना उच्चारायची नव्हती. त्या संध्याकाळी ते कुणाच्या भिंतीला हात न लावता फिरून आले. माझा गोंधळ उडाला होता. सरांवर विश्वास ठेवावा तर काकू गेल्या, काकूंवर ठेवावा तर सरांची उभ्या जन्माची विद्या गेली.

शनिवारी मला शेवयांचा रवा कमी पडला. दुपारी अण्णांच्या दुकानात गेले. अण्णा गल्ल्यावर पेंगत होते. म्हणाले, "ताई, कोठारातून घ्या की, बारका कट्टा हाय मागं."

मी कोठारात शिरले. रव्याचा कट्टा एका गोधड्यांच्या ढिगाला टेकून होता. तो ओढायला म्हणून मी ढिगावर हात रोवला आणि तसाच ठेवला. ढीग गरम होता. आणि मांजर घुरघुरतं तसा आतून घुरघुरत होता. आवाज म्हणाल तर काही नाही.

मला आधी वाटलं आत माणूस आहे.

"अण्णा," मी ओरडले, "इथं कोण तापानं फणफणलंय?"

अण्णा एवढ्या वेगानं उठलेले मी कधी पाहिले नव्हते. पण ते येईपर्यंत मी तीन गोधड्या बाजूला केल्या होत्या. आत पाण्याची मोटार. लोखंडी पट्टीनं खांबाला पक्की बोल्टानं आवळलेली. एक पाइप हौदाकडं गेलेला, एक दुकानावरच्या टाकीकडं. वायर दुकानाच्या मीटरवरून.

"ताई, तसं न्हाई..." अण्णा म्हणाले.

"काल ही चालू होती?"

"आधीच लावली होती हो. सरांनी एकदम बलावलं. समद्यांसमोर इकडं येऊन बंद कशी करू? मग कळलंच असतं की मोटार हाय म्हणून."

म्हणजे असं. जी मोटार नाहीच, ती बंद कशी करायची? माणूस पाण्यासाठी काय करील ते मला माहीत आहे, मी परभणीतच जन्मले. पण वर एक बाई तळहात टेकवून 'चालू आहे' म्हणत असताना हा माणूस खाली बघत उभा होता, हे आता मला कळलं.

"अण्णा, त्या काकूंना उद्या पुण्याला न्यायलेत. डोकं फिरलं म्हणून."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "मला वाटलं व्हतं, गोधड्या घातल्या म्हंजी कुणाला काय कळायलंय."

मी सरांना बोलावून आणलं. मला वाटलं ते भडकतील. सर मोटारीपुढं गुडघ्यावर बसले आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला.

"काय गुणाची आहे हो! तोंडातून अक्षर नाही. अण्णा, तुम्ही हिचं तोंड बांधलंत, आणि पाय खांबाला बांधलेत. हाच खांब वर आमच्या पलंगामागं जातो. कान असलेल्यांना हिचा पत्ता नाही, कारण हवेतून काही येतच नाही. राजगिऱ्यालाही कळत नाही, एवढी हळू. आणि कूलर लागले की आपलं अंगच बधिर. फक्त..." सर थांबले. "फक्त आमच्या हिला कळली."

"सर, मोटार काढतो मी आत्ताच," अण्णा पान्हा शोधू लागले.

"हात लावू नका!" सर ओरडले. "मिलिंद येईपर्यंत बोल्टसुद्धा हलवायचा नाही. जशी आहे तशी पाहिजे मला."

"अन् पाण्याचं?" अण्णांचा जीव तिथंच.

"पाणी घ्या हो तुम्ही! हौद प्या सगळा!"

हे सरांनी म्हणायला नको होतं. हौद आमचाही होता. पण ते भांडण मी नंतर केलं, वेगळं आणि नीट. आता हौदावरची पाटी उतरली आहे, आणि अण्णांच्या टाकीलाही आमच्याइतकंच पाणी मिळतं.

रविवारी सकाळी मिलिंद आला. चांगला मुलगा आहे, प्रवासानं शिणलेला होता. आईसाठी परतीचं तिकीट काढूनच आला होता. सरांनी चहा होऊ दिला नाही, त्याला सरळ कोठारात नेलं. मिलिंद मोटार बघून म्हणाला, "बाबा, मोटार आहे, मान्य. पण आईला एवढ्यानं कळतं हे कशावरून?"

"तूच बघ. बटण तुझ्या हातात. मी इथंच तुझ्यासमोर उभा राहतो, वर जात नाही. सुनंदाबाई वर जातील."

मी वर गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या, खिडकीकडं पाठ. मी पाटीवर लिहिलं, 'कळलं की सांगा.' त्यांनी तळहात भिंतीला टेकवला. मी खिडकीत उभी.

"चालू," काकू म्हणाल्या. मी खाली ओरडले, "चालू!"

"बंद." मी ओरडले, "बंद!"

मग बराच वेळ काहीच नाही. मिलिंद परीक्षा बघत होता. ही बाई आता कंटाळून काहीतरी म्हणून बसली तर गेलीच पुण्याला. मी त्यांच्याकडं बघत होते, त्या भिंतीकडं बघत होत्या, शाळेत हजेरी घेताना एखादं नाव पुकारून वाट बघावी तशा.

"चालू," काकू म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, "बंद. चालू. बंद." आणि मग वैतागून, "कोण खेळायलंय ते? एक काय ते करा म्हणावं!"

मी खिडकीतून सगळं जसंच्या तसं ओरडून सांगितलं. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. मिलिंद आत आला, आईशेजारी बसला, भिंतीला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली. त्याला काही लागत नव्हतं. काकूंनी त्याचा हात धरून खांबाच्या कडेला नेला आणि वरून आपला हात दाबून धरला. तो तसाच बसून राहिला. मी खाली निघून आले. मला गिऱ्हाईक होतं.

संध्याकाळच्या गाडीनं मिलिंद एकटाच गेला. जाताना अण्णांशी बोलला नाही. पण माझ्याकडच्या दोन किलो शेवया नेल्या.

सोमवारी सकाळी सरांनी मोटार खांबावरून उतरवली. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून त्यावर तिला बसवली, पाइपाच्या मधोमध रबरी नळीचा तुकडा घातला. अण्णा पान्हा देत होते, न विचारता. काकूंनी वरून सांगितलं, "बंद आहे." मोटार चालू होती. काम फत्ते झालं.

संध्याकाळी सर माझी गादी परत द्यायला आले. दोन घड्या घालून आणली होती. आले ते दारातच खुर्चीवर बसले. भिंतीला गाल लावला नाही, हातही नाही. मला चुकल्यासारखं झालं.

"काय हो सर, भिंत गप्प झाली का?"

"झाली." मग म्हणाले, "ही आज दुपारभर उठली नाही. एकदाही नाही. पलंगावर बसून होती. मी पाटीवर लिहिलं, आता त्रास नाही ना? तर म्हणाली, नाही." सर गादीच्या कोपऱ्यावरचा कापूस आत कोंबत बसले. "म्हणाली, आता कोणीच येत नाही."

मी गादीचं दुसरं टोक धरलं.

"दार उघडायची, कोणी नसायचं, तरी पुढच्या वेळेला उठायची. पदर नीट करून. मी बघायचो ना. तेवढं तरी होतं. मी शोधून काढून बंद करून टाकलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पेपर अवघड गेलेल्या मुलासारखं. "माझं काही चुकलं का, सुनंदाबाई? मला कळायला मार्ग नाही."

मलाही नव्हता. काकूंशी बोलायचं कसं, म्हणून आम्ही कोणीच वर जात नव्हतो, एवढं मात्र खरं होतं. मी म्हणाले, "बिनसाखरेचा चहा टाकते." तो घेऊन सर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रवा भिजवून ठेवला आणि यंत्र चालू करायच्या आधी वर गेले. सर दूध आणायला गेले होते. मी उंबऱ्यापाशी टाच दोनदा आपटली. काही झालं नाही. परत आपटली. मग लक्षात आलं, पायात रबरी चप्पल. ती काढून बाजूला ठेवली आणि अनवाणी टाच चांगली जोरात हाणली, दोनदा. टाच दुखली.

आत पलंग करकरला. दार उघडलं. काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं जिन्यात बघितलं, मग परत माझ्याकडं.

मी हातानं शेवया दाखवल्या, काठीवर वाळत घालायच्या दाखवल्या, गच्चीकडं बोट केलं, आणि माझे दोनच हात आहेत हेही दाखवलं.

"थांब," काकू म्हणाल्या, "पदर खोचते."